स्कॅनिंग झाले, नोंदींचे काय?

महोदय,

‘सगळं मोबाइलवर मिळतं, मग ग्रंथपाल हवाच कशाला?’ असे आमच्या काउंटरवर हल्ली हसत हसत विचारले जाते. सदाशिव पेठेतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी काम करते, म्हणून हे पत्र.

आमची जुनी पुस्तके मध्यंतरी ठेकेदाराकडून स्कॅन करून घेतली. पैसे पानामागे, त्यामुळे पाने भराभर उलटली. नोंदी करणाऱ्या मुलाने आतल्या पानावर ‘शके १८२०’ वाचले आणि प्रकाशनवर्षाच्या रकान्यात १८२० टाकून दिले. म्हणजे १८९८चे पुस्तक पेशवाई बुडाल्यावर दोनच वर्षांत छापून तयार! लेखकाचे नाव कुठे पूर्ण, कुठे आद्याक्षरांनी, कुठे आडनाव आधी. एका माणसाचे संगणकात तीन लेखक झाले. घडी घातलेले नकाशे तर कोणी उलगडलेच नाहीत. पुस्तक पडद्यावर आहे, पण शोधायला जावे तर सापडत नाही. या नोंदी आता आम्ही दोघीजणी दुपारी वर्दळ कमी असताना दुरुस्त करतो. हे काम कुणाच्याच हिशेबात नाही.

अभ्यासिकेतली मुले ग्रुपवर आलेली क्रमिक पुस्तकांची पीडीएफ दाखवतात. पहिली पाने गायब, त्यामुळे आवृत्ती कुठली ते कळायला मार्ग नाही. चालू पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, हे कित्येकांना आमच्याकडेच कळते. (आणि बालभारतीचे कार्यालय इथेच, सेनापती बापट रस्त्यावर!) ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे सूत्र भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१मध्येच मांडले होते. तेव्हा कपाटे धुंडाळण्यात वेळ जायचा, आता खोट्या-अर्धवट फायलींत जातो, इतकेच.

१९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचा अ, ब, क, ड वर्ग ठरवताना पुस्तके किती, वाचक किती हे पाहिले जाते. त्यात दुरुस्त केलेल्या संगणकीय नोंदीही धरायला हव्यात. स्कॅनिंगच्या निविदेत नोंदींचा दर वेगळा असावा आणि ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माणसाने तपासून सही केल्याखेरीज ठेकेदाराचे बिल निघू नये. आमची पुढची कपाटे स्कॅनिंगला जायची आहेत, निदान त्याआधी तरी हे व्हावे.

– एक ग्रंथपाल, सदाशिव पेठ, पुणे