काउबॉयच्या गाण्यांतला इतिहास आणि त्यातून गळलेली माणसे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या पश्चिमेकडील सीमाप्रदेशाविषयी आलेला लेख मी काळजीपूर्वक वाचला. रेल्वे, काटेरी तार आणि सरकारी जमीनवाटप यांचा त्यात घेतलेला आढावा नेटका आहे. परंतु काउबॉयची गाणी ही चित्रपटांनी रंगवलेली करमणूक असून इतिहासाच्या अभ्यासाला त्यांचा काही उपयोग नाही, असा जो निष्कर्ष लेखाच्या अखेरीस काढला आहे, तो मला मान्य करता येत नाही. घटनांची जंत्री म्हणून ही गाणी कच्ची आहेत हे खरे. मात्र ज्या माणसांनी हजारो गुरे शेकडो मैल हाकत नेली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मागे दुसरे कोणतेही लिखाण ठेवलेले नाही. त्यांच्या श्रमांचा, धास्तीचा आणि मजुरीवरून झालेल्या भांडणांचा त्यांच्याच तोंडचा पुरावा शोधायचा झाला, तर तो प्रामुख्याने या गाण्यांतच सापडतो. तो पुरावा हाताळताना गाणे कोणी लिहून घेतले, काय वगळले आणि कोणाचे नाव पुसले गेले, हे विचारावे लागते, एवढेच.

ज्या काळाविषयी आपण बोलत आहोत तो जेमतेम वीस वर्षांचा आहे. 1865 मध्ये यादवी युद्ध संपले, तेव्हा टेक्सासात लांब शिंगांची गुरे अमाप वाढली होती आणि त्यांना स्थानिक गिऱ्हाईक नव्हते. तेथे सुमारे चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेच्या बाजारात चाळीस डॉलरपर्यंत जात असे. 1867 मध्ये जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्याने कॅन्ससमधील ॲबिलीन येथे रेल्वेलगत गुरांचे कोंडवाडे बांधले आणि चिशम ट्रेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाटेने कळप उत्तरेकडे जाऊ लागले. दोन-अडीच हजार गुरांमागे दहा-बारा माणसे, एक स्वयंपाकी आणि राखीव घोडे सांभाळणारा एक पोरगा एवढाच लवाजमा असे. दिवसाला दहा ते पंधरा मैल वाटचाल होई, प्रवास दोन-तीन महिने चाले आणि मजुरी महिन्याला तीस ते चाळीस डॉलर मिळे. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचे पेटंट मिळाल्यानंतर मोकळी कुरणे हळूहळू तारांच्या आड गेली, 1885 मध्ये कॅन्ससने गोचिडतापाच्या भीतीने टेक्सासच्या गुरांना बंदी केली, आणि 1886-87 च्या भीषण हिवाळ्याने उत्तरेकडील कुरणांवर गुरांच्या मढ्यांचा खच पाडला. काउबॉय ही जगभर पसरलेली प्रतिमा एवढ्या आखूड काळातून निघाली.

या कामाचा सर्वांत धोक्याचा भाग रात्रीचा पहारा हा होता. कळप बसला की दोन घोडेस्वार त्याच्याभोवती परस्परविरुद्ध दिशांनी संथपणे फिरत आणि गात. माणूस कोठे आहे हे जनावरांना आवाजावरून कळत राही, त्यामुळे घोडा अचानक अंधारातून पुढे आल्यावर ती दचकत नसत. एखादी वीज कडाडली, एखादे भांडे खणखणले, तरी सबंध कळप चौखूर उधळे आणि त्याच्या वाटेत सापडलेल्याचे काय होई ते सांगायला नको. चर्चमधील प्रार्थनांच्या आणि जुन्या गाण्यांच्या संथ चाली पहाऱ्यावर म्हटल्या जात, त्या याचसाठी. चित्रपटात संगीत म्हणून जे ऐकू येते, ते मुळात असे कामाचे अवजार होते.

गीतसंग्राहक जॅक थॉर्प यांनी 1898 मध्ये रचलेले ‘लिटल जो, द रँग्लर’ हे गीत या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सावत्र आईच्या मारामुळे घर सोडून आलेला एक टेक्सासी पोर कळपाच्या मुक्कामावर येतो, त्याला घोडे राखण्याचे काम मिळते, आणि वादळी रात्री गुरे उधळल्यावर त्यांना वळवण्यासाठी सर्वांच्या पुढे धावलेला तो पोर सकाळी एका घळीत घोड्याखाली चिरडलेला सापडतो. असा जो नावाचा मुलगा खरोखर होता की नाही, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. घरातून पळालेल्या पोरांना या धंद्यात थारा मिळत असे, त्यांच्या वाट्याला कोणते काम येई आणि त्यांच्या मरणाची कोठे दप्तरी नोंदही होत नसे, हे या गीतातून जितके स्पष्ट होते तितके मालकांच्या हिशेबवह्यांतून होणार नाही.

याहून कठोर साक्ष रानरेड्यांच्या, म्हणजे बायसनच्या, शिकाऱ्यांच्या गाण्यात आहे. 1870 नंतर बायसनचे कातडे कारखान्यांत कमावण्याची रीत सापडली आणि दक्षिणेकडील मैदानांवर कातड्यांसाठी कत्तल सुरू झाली. गाण्यात टेक्सासातील जॅक्सबरो गावी 1873 च्या वसंतात क्रेगो नावाचा ठेकेदार पोरांना भेटतो, उन्हाळा मजेत जाईल म्हणून भरती करतो, आणि हंगाम संपल्यावर तुम्हीच उधळपट्टी केलीत, उलट तुमच्याकडेच माझे येणे निघते, असे सांगून मजुरी बुडवतो. गाण्यातील माणसे त्याला विनवतात, त्याचा उपयोग होत नाही, आणि मग क्रेगोची हाडे त्याच माळावर पांढरी पडायला ठेवून ती घराकडे निघतात. हे सारे कोणत्याही पश्चात्तापाशिवाय, सपाट सुरात सांगितलेले आहे. उत्तरेकडील लाकूडतोड्यांच्या एका जुन्या गाण्यावर हे गाणे बेतलेले आहे, म्हणून कोणी ते उसने ठरवून बाजूला सारील. मला मात्र त्यामुळेच ते मोलाचे वाटते. लाकडाच्या वखारीत फसवला गेलेला मजूर आणि कातड्यांच्या तळावर फसवला गेलेला मजूर यांची तक्रार एकच होती, म्हणून ते गाणे एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात गेले. ‘मला एकाकी माळावर पुरू नका’ अशी विनवणी करणारे प्रसिद्ध गीतही 1839 मधील, समुद्रात पुरू नका असे सांगणाऱ्या एका कवितेवरून आले आहे.

आता संग्राहकांकडे वळतो, कारण लेखकाची खरी शंका तेथे असायला हवी होती. थॉर्प यांनी 1889 पासून न्यू मेक्सिको व टेक्सासात घोड्यावरून हिंडून गाणी गोळा केली आणि 1908 मध्ये एस्टान्सिया या छोट्या गावात 23 गीतांचे पुस्तक स्वखर्चाने छापले. दोन वर्षांनी जॉन लोमॅक्स यांचा मोठा संग्रह निघाला. लोमॅक्स यांचे बालपण टेक्सासात गुरांच्या वाटेशेजारी गेले होते आणि हार्वर्डच्या प्राध्यापकांनी त्यांना या कामाला प्रोत्साहन दिले होते. त्यांनी प्रस्तावनेतच स्वच्छ लिहिले आहे की, हे पुस्तक लोकप्रिय व्हावे असा हेतू असून काही ठिकाणी निरनिराळ्या पाठांतील सर्वोत्तम ओळी निवडून एकत्र जोडल्या आहेत. या प्रांजळपणाबद्दल त्यांचा आदर वाटतो; तरीही त्याचा अर्थ असा होतो की, ज्याला आपण लोकांच्या तोंडचा पाठ समजतो, तो काही प्रमाणात संपादकाच्या टेबलावर तयार झालेला आहे. लोकगीत म्हणून निनावी छापलेल्या काही रचनांना कर्तेही होते. थॉर्प यांचे लिटल जो त्यांपैकी एक. शरदात काम संपल्यावर आईला भेटायला जाणाऱ्या काउबॉयचे गीत मोंटानातील डी. जे. ओमॅली या काउबॉयने लिहून 1893 मध्ये माइल्स सिटीच्या एका नियतकालिकात छापले होते.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हापासून पोवाडा रचणाऱ्या शाहिराला आश्रय कोणाचा होता आणि छापताना पाठाचे काय झाले, हे आपले अभ्यासक विचारत आले आहेत. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आपण त्यामुळे टाकून देत नाही, अधिक सावधपणे वाचतो.

काउबॉयगीतांच्या बाबतीत सावधपणा सर्वांत जास्त कोठे लागतो, तर गाणाऱ्यांच्या ओळखीच्या बाबतीत. गुरांच्या वाटेवर कृष्णवर्णीय माणसे मोठ्या संख्येने होती. काही अभ्यासक त्यांचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश मानतात. थॉर्प यांना गाणी जमवण्याचा नाद लागला तो कृष्णवर्णीय काउबॉयच्या एका मुक्कामावर. आज कॅन्ससचे राज्यगीत असलेले ‘होम ऑन द रेंज’ लोमॅक्स यांना सॅन अँटोनियोत दारूचा गुत्ता चालवणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाकडून मिळाले. तो पूर्वी गुरांच्या वाटेवर स्वयंपाकी होता, असे लोमॅक्स यांनीच सांगितले आहे. मूळ शब्द कॅन्ससमधील ब्रूस्टर हिग्ली या डॉक्टरचे, 1870 च्या दशकातले. गाण्याच्या स्वामित्वावरून 1930 च्या दशकात खटला झाला तेव्हा शोध घेऊन ते सिद्ध करावे लागले. डॉक्टरचे नाव अखेर मिळाले, गाणे जपणाऱ्या स्वयंपाक्याचे नाव मात्र गाण्याबरोबर रूढ झाले नाही. ‘गुडबाय, ओल्ड पेंट’ या निरोपाच्या गीताच्या बाबतीत दैव थोडे बरे होते. गुलामगिरीत जन्मलेला चार्ली विलिस हा काउबॉय ते गात असे. त्याच्याकडून शिकलेल्या जेस मॉरिस या फिडलवादकाने 1942 मध्ये लोमॅक्स यांच्यासमोर ते ध्वनिमुद्रित करताना कोणाकडून शिकलो ते सांगितले, म्हणून विलिसचे नाव इतिहासात उरले.

मेक्सिकन व्हाकेरोंची, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांची, गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांनी स्वतःचा इतिहास स्वतःच्या भाषेत गाऊन ठेवला. दोर फेकणे, खोगीर, घोड्यावरून गुरे वळवण्याची सारी विद्या इंग्रजीभाषक काउबॉय त्यांच्याकडूनच शिकला. त्यांचा ‘कॅन्ससचा कोरिदो’ (कोरिदो म्हणजे स्पॅनिशमधील कथागीत) त्याच वाटेवरच्या कळपाची कथा सांगतो. पाचशे दांडगे बैल तीस अमेरिकनांना कोंडता येत नाहीत. पाच मेक्सिकन येतात आणि पाव तासाच्या आत कोंडून दाखवतात. यात बढाई आहे हे उघड आहे. परंतु त्याच गीतात बैलाच्या शिंगांनी मेलेल्या व्हाकेरोची बातमी त्याच्या घरी सांगावी लागते, आणि तेथे बढाई संपते. लोकसाहित्याचे अभ्यासक आमेरिको पारेदेस यांनी 1958 मध्ये ग्रेगोरियो कोर्तेस याच्या कोरिदोवर ग्रंथ लिहिला. 1901 मध्ये घोड्याच्या एका व्यवहाराच्या चौकशीत शेरीफ कोर्तेसच्या गोळीने मारला गेला, कोर्तेस कित्येक दिवस टेक्सास रेंजरना, म्हणजे त्या राज्याच्या सशस्त्र पोलीस दलाला, हुलकावणी देत राहिला, शिक्षा भोगून 1913 मध्ये माफीवर सुटला. पारेदेस यांनी गीत आणि कागदपत्रे शेजारी ठेवून दाखवले की, रेंजरच्या शौर्याची जी कथा इंग्रजीत रूढ झाली होती, तिच्या उलट आठवण सीमेवरचे लोक गाण्यातून जपत होते. आपल्या लेखात रेंजरविषयी तीन परिच्छेद आहेत आणि कोरिदोचा उल्लेख नाही, याची मला मनापासून खंत वाटली.

मूळ रहिवाशांविषयी या गाण्यांचे मौन त्याहून जड आहे. ज्या जेसी चिशमच्या नावाने वाट ओळखली जाते, त्याची आई चेरोकी होती. वाटेचा मोठा भाग जमातींना दिलेल्या इंडियन टेरिटरीतून जात असे आणि तेथून गुरे नेण्यासाठी पट्टी द्यावी लागे. सप्टेंबर 1874 मध्ये पॅलो ड्युरो घळीत कर्नल मॅकेन्झीच्या फौजेने कोमांची, कायोवा आणि शायेन लोकांचे तळ उद्ध्वस्त केले आणि त्यांचे हजाराहून अधिक घोडे गोळ्या घालून मारले. पुढील वर्षी उरलेले लोक फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर शरण गेले, आणि 1876 मध्ये त्याच घळीत चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने आपली गुरे आणली. मोकळ्या कुरणाचे गुणगान करणारे गीत ऐकताना हा दोन वर्षांचा क्रम डोळ्यांपुढे असला पाहिजे. ‘होम ऑन द रेंज’च्या जुन्या छापील पाठात एक कडवे आहे, ज्यात तांबडा माणूस या भागातून रेटला गेला, तो बहुधा परतणार नाही, असे सरळ म्हटले आहे. शाळांतून आणि समारंभांतून गाताना हे कडवे सहसा गाळले जाते. ज्या एका कडव्यात गीताने खरे सांगितले, तेच नेमके सुटले.

ही परंपरा संग्रहालयात जमा झालेली नाही, हेही लेखात यायला हवे होते. नेवाडा राज्यातील एल्को येथे 1985 पासून काउबॉय कवींचा मेळावा भरतो. तेथे आजचे पशुपालक दुष्काळ, कर्ज आणि विकाव्या लागणाऱ्या जमिनी यांवर रचना म्हणतात.

माझी आपणास विनंती अशी की, या विषयावर आणखी एक लेख अवश्य छापावा, आणि त्यात निवडक गीतांचे मराठी भाषांतर देताना प्रत्येकाखाली गाणारा, संग्राहक आणि साल नोंदवावे. कॅन्ससचा कोरिदो आणि ‘होम ऑन द रेंज’चे ते वगळलेले कडवे त्यात असावे. जेस मॉरिस यांचे 1942 मधील ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहे. त्याची माहिती दिल्यास ज्या वाचकांना मूळ चाल ऐकायची आहे त्यांचीही सोय होईल.

आपला विश्वासू,
लोकसाहित्याचा एक अभ्यासक,
सातारा