‘डेव्हलपर किट’मुळे उबुंटूमधील मूळ पायथन निकामी झाल्याबाबत तक्रार

मिरज, जि. सांगली
दिनांक : १५ जुलै २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लॅपटॉपसोबत दिलेल्या ‘डेव्हलपर किट’मधील दोष, त्यावर मिळालेला चुकीचा सल्ला आणि त्यामुळे झालेले नुकसान.

महोदय,

मी मिरजेत प्रोग्रामिंगचा खासगी वर्ग चालवते. अकरावी-बारावीची आणि पदविकेची मुले माझ्याकडे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येतात व या वर्गावरच माझा चरितार्थ चालतो. ३ जून २०२४ रोजी मी आपल्या कंपनीचे आठ लॅपटॉप सांगलीतील अधिकृत विक्रेत्याकडून विकत घेतले. त्यांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्सवर आधारित मुक्त संगणक प्रणाली आधीच बसवलेली होती आणि खोक्यावर ‘पायथनसह सज्ज’ असे ठळक अक्षरांत छापले होते. मुलांनी पहिल्या दिवसापासून मुक्त प्रणालीवर काम करावे, तिच्या आत काय चालते ते त्यांना उघडून पाहता यावे, या हेतूने मी विंडोजचे मॉडेल नाकारून मुद्दाम हे मॉडेल घेतले होते.

१८ जूनला नवी तुकडी सुरू झाली. आपल्या छापील पत्रकात सांगितल्याप्रमाणे मुलांनी डेस्कटॉपवरील ‘डेव्हलपर किट’ या चिन्हावर दोनदा क्लिक केले, पासवर्ड दिला, आणि काही मिनिटांनी ‘आपला संगणक तयार आहे’ असा संदेश आला. त्यानंतर यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली, तेव्हा त्यांतल्या एकाही यंत्रावर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची खिडकी, उघडेना. चिन्हावर क्लिक केले की कर्सरशेजारचे चक्र क्षणभर फिरे आणि नाहीसे होई. चूक सांगणारा संदेशसुद्धा दिसत नसे. सॉफ्टवेअर अपडेटरचीही तीच गत. पहिल्याच तासाला मुलांनी मला विचारले, “मॅडम, आमचं काय चुकलं?” त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले, आणि ते उत्तर आपल्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

दोष हाती लागला तो एका गैरहजर विद्यार्थ्यामुळे. सहा क्रमांकाच्या यंत्रावर बसणारा मुलगा त्या दिवशी आला नव्हता, त्यामुळे त्यावर ‘डेव्हलपर किट’ चालवलेच गेले नव्हते, आणि त्या एकाच यंत्रावर टर्मिनल नीट उघडत होते. म्हणजे बिघाड लॅपटॉपच्या हार्डवेअरमध्ये नव्हता, उबुंटूमध्येही नव्हता. मग मी एका बिघडलेल्या यंत्रावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबून मजकुराच्या काळ्या पडद्यावर प्रवेश केला आणि तेथून ‘जीनोम-टर्मिनल’ ही कमांड देऊन पाहिली. उबुंटूमध्ये ही कमांड म्हणजे पायथनमध्ये लिहिलेली छोटी स्क्रिप्ट असते. तिने लगेच सांगितले की पायथनच्या ‘जीआय’ या मोड्यूलचा, म्हणजे जोडून वापरायच्या तयार कोडचा, आवश्यक भाग आयात करता येत नाही. त्यानंतर उपलब्ध पॅकेजेसची ताजी यादी आणणारी ‘सुडो एपीटी अपडेट’ ही कमांड चालवली, तर यादी उतरवून झाल्यावर शेवटी ‘एपीटी-पीकेजी नावाचे मोड्यूल सापडले नाही’ ही चूक आली.

दोन्ही चुकांचे मूळ एकच निघाले. उबुंटू २२.०४ ची स्वतःची पायथन आवृत्ती ३.१० आहे. प्रणालीतील ‘पायथन३’ हे नाव म्हणजे या ३.१० कडे नेणारी एक लिंक असते, आणि प्रणालीची अनेक साधने त्याच नावाने पायथनला हाक मारतात. या साधनांना लागणारी काही मोड्यूल्स सी आणि सी++ या भाषांमध्ये लिहून नेमकी ३.१० साठी कंपाइल केलेली, म्हणजे यंत्राला थेट चालवता येईल अशा रूपात बदललेली, असतात. दुसरी आवृत्ती ती उचलूच शकत नाही. आपल्या किटची स्क्रिप्ट साध्या मजकुराची असल्याने मी ती उघडून वाचली. तिने पायथन ३.१२ बसवले, इथपर्यंत काहीच हरकत नव्हती, कारण दोन आवृत्त्या एका यंत्रावर शेजारी-शेजारी सुखाने नांदतात. पण पुढच्याच ओळीत एका नावाला कोणती आवृत्ती जोडायची ते ठरवणारी ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ ही कमांड वापरून तिने ‘पायथन३’ हे प्रणालीचे नाव ३.१२ कडे वळवले आहे. उबुंटू स्वतः पायथनसाठी अशी पर्यायांची सोय ठेवत नाही, ती याच कारणामुळे. बिघडलेल्या सातही यंत्रांवर ही लिंक ३.१० ऐवजी ‘अल्टरनेटिव्ह्ज’च्या निर्देशिकेकडे जाताना दिसली, सहा क्रमांकाच्या यंत्रावर ती जागच्या जागी होती.

टर्मिनल न उघडणे हा त्यातला डोळ्यांना दिसणारा भाग झाला. मला अधिक गंभीर वाटते ती न दिसणारी गोष्ट. सुरक्षेची अपडेट्स आपोआप बसवणारा ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हा कार्यक्रमही पायथनमध्येच लिहिलेला आहे आणि त्यालाही हेच एपीटी-पीकेजी मोड्यूल लागते. आपले किट चालवलेल्या यंत्रावर तो सुरू होताच कोसळतो, आणि घरी बसलेल्या ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याला टर्मिनलची गरज पडत नाही तो ग्राहक महिनोन्‌महिने सुरक्षा अपडेट्सविना इंटरनेटवर वावरेल, आणि आपण बिनधोक आहोत असे समजत राहील. माझ्याकडे आठ यंत्रे शेजारी-शेजारी होती म्हणून मला तुलना करता आली. एकच लॅपटॉप घेणाऱ्याने कशाशी तुलना करायची?

शिवाय ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते ३.१२ सुद्धा मुलांना वापरता आले नाही. डिस्टयूटिल्स हे जुने मोड्यूल ३.१२ मधून काढून टाकलेले आहे, आणि उबुंटू २२.०४ सोबत येणारे पिप हे पॅकेजेस बसवणारे साधन त्याच्यावर विसंबून असल्याने तेही चालेना. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रणालीला धक्का न लावता पॅकेजेस बसवायची वेगळी जागा, करावी म्हटले, तर उबुंटूवर त्यासाठी लागणारे ‘व्हीएनव्ही’चे वेगळे पॅकेज आपल्या किटने बसवलेलेच नव्हते. ‘पायथनसह सज्ज’ असे छापलेल्या यंत्रावर एकही नवे पॅकेज बसवता येऊ नये, ही गोष्ट माझ्या मते साध्या चुकीत मोडत नाही. विक्रीला काढण्यापूर्वी कोणीही हे किट एकदा शेवटपर्यंत चालवून पाहिलेले नाही, असाच तिचा अर्थ होतो. ३.१२ हीच आवृत्ती द्यायची होती, तर एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या उबुंटू २४.०४ ची ती मूळ आवृत्तीच आहे.

आता आपल्या ग्राहक सेवेविषयी. २० जूनच्या फोनवर मला सांगण्यात आले की यंत्राची तपासणी ठीक आहे आणि लिनक्सचे प्रश्न हमीच्या कक्षेत येत नाहीत. बिघाड आपल्याच किटने केला आहे हे मी सांगितले, त्याची नोंद घेतली गेली की नाही हे मला कळवण्यात आले नाही. २४ जूनला आपल्या प्रतिनिधीचा फोन आला तेव्हा मी बाहेरगावी होते आणि माझ्या सहकारी शिक्षिकेने तो घेतला. ‘जुने पायथन काढून टाका, म्हणजे नवे नीट चालेल’ असे सांगून प्रतिनिधींनी तीन क्रमांकाच्या यंत्रावर कमांड सांगितली. काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची लांबच लांब यादी पडद्यावर आली. तिच्यात ‘उबुंटू-डेस्कटॉप’ हे नाव दिसल्यावर माझ्या सहकाऱ्यांनी थांबून विचारलेही की हे जाऊ द्यायचे का. उत्तर मिळाले, “मॅडम, वाय दाबा.” त्यांनी वाय दाबले. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर डेस्कटॉप उरलाच नव्हता. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी एक ओळ तेवढी होती.

त्या यंत्रावर पदविकेच्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प होता. सांगलीच्या बाजार समितीतील हळदीच्या सौद्यांचे दर तिने स्वतः रोजच्या रोज टिपून त्यांचे आलेख काढले होते. तिच्या फाइल्स सुदैवाने शाबूत होत्या आणि मी त्या पेनड्राइव्हवर काढून घेतल्या, पण त्या संध्याकाळी ती मुलगी ज्या चेहऱ्याने घरी गेली तो मी विसरू शकत नाही. त्यानंतर आलेल्या ई-मेलमध्ये ‘रिकव्हरी करून घ्यावी, सर्व माहिती पुसली जाईल, अन्यथा विंडोज बसवण्याचा विचार करावा’ असा सल्ला होता. रिकव्हरीने, म्हणजे यंत्र मूळ स्थितीत आणल्याने, तेच सदोष किट पुन्हा डेस्कटॉपवर येते, हे मी एका यंत्रावर करून पाहिले आहे.

प्रत्यक्षात दुरुस्ती किती सोपी होती तेही सांगते. मजकुराच्या पडद्यावरून ‘अल्टरनेटिव्ह्ज’मधील नोंद काढली, ‘पायथन३’ची लिंक पुन्हा ३.१० कडे वळवली, आणि टर्मिनल, अपडेटर, एपीटी सगळे पूर्ववत झाले. नंतर ३.१२ चे व्हीएनव्ही पॅकेज बसवून प्रत्येक मुलाला त्याची स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट करून दिली. एका यंत्राला दहा मिनिटेही लागली नाहीत. आज सात यंत्रांवर प्रणालीचे ३.१० आणि मुलांचे ३.१२ दोन्ही व्यवस्थित चालत आहेत. म्हणजे आपल्या स्क्रिप्टमधून एक ओळ काढली असती आणि एक पॅकेज वाढवले असते, तर माझ्या तुकडीचे पहिले दोन आठवडे वाया गेले नसते.

माझे म्हणणे असे आहे की तीन क्रमांकाचे यंत्र आपण स्वखर्चाने पूर्ववत करून द्यावे, आणि उरलेल्या यंत्रांवर मी केलेल्या दुरुस्तीमुळे हमीला बाध येणार नाही असे लेखी कळवावे. किट आणि रिकव्हरी प्रत हे दोन्ही दुरुस्त करून, हे मॉडेल घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला सुरक्षा अपडेट्स थांबल्याची सूचना आणि दुरुस्तीच्या पायऱ्या मराठीसह त्याच्या भाषेत पाठवाव्यात. ही मागणी मला माझ्या स्वतःच्या भरपाईपेक्षा महत्त्वाची वाटते. उबुंटूवरील मूळ पायथन काढण्याचा सल्ला यापुढे कोणालाही दिला जाऊ नये, अशी लेखी सूचना आपल्या प्रतिनिधींना द्यावी आणि तिची प्रत मला पाठवावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारी व्यक्ती या कायद्यात ग्राहकच मानली जाते, आणि राहत्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभाही त्यात आहे.

खरेदीच्या बिलाची छायाप्रत, किटच्या स्क्रिप्टची छापील प्रत व त्यातील दोषाची ओळ अधोरेखित करून, चुका दाखवणाऱ्या संदेशांची छायाचित्रे आणि आपल्या ई-मेलची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
संचालिका, संगणक प्रोग्रामिंग वर्ग, मिरज