आप्पांची बॅग

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही, शिव्या घातल्याच असशील. मान्य. बीपी गोळीवर आहे, बाकी ठीक.

कारण आप्पा. परवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघताना त्यांनी शाळातपासणीची ती तपकिरी रेक्झिनची बॅग माझ्यापुढे ठेवली. "वह्या आहेत. मी गेल्यावर बघ." आणि रिक्षात जाऊन बसले. वह्या! 'कवितेनं पोट भरतं का' म्हणत आपलं हस्तलिखित बंबात घालणारे आप्पा!

मला पामुक आठवला, तो तुर्की कादंबरीकार. हसू नकोस. २००६ साली त्याला नोबेल मिळालं तेव्हा तू कप आपटून म्हणालास, "खटला झाला म्हणून दिलं." अरे, तुर्कस्तानची बदनामी केल्याचा तो खटला जानेवारीतच बारगळला होता. तेव्हाही सांगत होतो, अजून सांगतो.

तर त्याच्या नोबेलच्या भाषणात बापाचीच बॅग आहे. काळी, कातडी. मरणाआधी दोन वर्षं बापानं ती याच्या लिहायच्या खोलीत आणून ठेवली, अर्धवट थट्टेत म्हणाला, मी गेल्यावर वाच. लहानपणी बाप प्रवासाहून आला की हाच ती उचकायचा. आता हात लावेना, नुसता भोवती फिरायचा. बापाला कवी व्हायचं होतं, फ्रेंच कवी व्हॅलेरी तुर्कीत आणला होता, पण मित्र, गप्पा, सुखाचं आयुष्य सोडवेना. पोरानं बाविसाव्या वर्षी सगळं सोडून स्वतःला कोंडून घेतलं. चार वर्षांनी पहिली कादंबरी झाली, तेव्हा थरथरत्या हातानं टाइप केलेली प्रत बापाला दिली. बाप म्हणाला, एक दिवस तुला हे बक्षीस मिळेल. तिकडे बाप पोराला 'पाशा होशील', म्हणजे मोठा सरदार होशील, म्हणतात ना, त्या चालीवर!

आणि खरी भीती कसली, तर लिखाण टुकार निघेल याची नव्हे. चांगलं निघालं तर? मग घरात वावरला तो बाप कोण होता?

माझ्याकडून राहवलं नाही. आप्पा डोळ्याला पट्टी लावून झोपले होते, मी माजघरात बॅग उघडली. पहिल्याच वहीत तुझी पावसाची कविता. बंबातली! आप्पांचं अक्षर, खाली तुझं नाव, तारीख १४-८-८९. दुसऱ्या ओळीतला 'निळि' तांबड्या शाईनं दीर्घ केलाय. पुढचं पान उलटलं नाही.

संध्याकाळी चहा पिताना आप्पांनी विचारलं, "बॅग कुठे ठेवलीस?" म्हटलं, माळ्यावर. अजून माजघरातच आहे.

वहिनींचा गुडघा? चिनूचं पुणं ठरलं की बेंगळुरू? माझी पामुकची कादंबरी अठरा वर्षं तुझ्याकडे आहे, तीही पाठव.

त्या पानाचं काय करू ते आधी कळव. तुझं आहे ते.

तुझा,
बाळ्या