टोपी आमच्याकडेच राहिली, दादा

दादा,

नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही असा माझा अंदाज आहे. नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात ज्यांनी तुमच्याबरोबर पक्षी बघत एखादी सकाळ काढली असेल, ते तसेही ओळखतील.

परत येऊन आठ दिवस झाले. फोन करता आला असता, पण निघताना माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता आणि फोनवरही तेच झालं असतं. म्हणून हे पत्र.

आधी जरा कडू बोलून घेते. दीड वर्षापूर्वी माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. त्याआधी चाळीस वर्षं हा माणूस दुर्बीण गळ्यात अडकवून तळी आणि पाणथळी हिंडला. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना एका पक्षीनिरीक्षण सहलीला नेलं होतं, दुसरीकडे कुठेतरी. जाहिरातीत 'सर्व वयोगटांसाठी' असं ठळक लिहिलेलं. स्कोपपाशी, म्हणजे तिपाईवरच्या एका डोळ्याने बघायच्या दुर्बिणीपाशी, अण्णांचा नंबर आला तेव्हा मागे ही रांग. आता अण्णांचं असं आहे, की एक डोळा मिटायला गेलं की दोन्ही मिटतात. झटक्यानंतरचं आहे ते. सहलीचा म्होरक्या ओरडला, "काका, एक डोळा मिटा ना! एवढं काय अवघड आहे?" लोक हसले. कुत्सितपणे हसले असंही नाही, पण हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "यांना गाडीत बसवता का? बाकीच्यांचा वेळ जातोय." अण्णांच्या कानावर ते गेलं. घरी आल्यावर त्यांनी दुर्बीण कपाटावर ठेवायला सांगितली. कपाटात नाही, कपाटावर. हात पोचणार नाही अशा जागी.

यंदा त्यांना बळेच आणलं. शनिवारी आम्ही पोचेपर्यंत उजेड संपत आला होता. अंधारात वारकरी पक्ष्यांचा कालवा ऐकला, एवढीच त्या दिवसाची कमाई.

रविवारी सकाळी तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "बाबांची कुठली बाजू बरी आहे?" उजवी, म्हटलं. तुम्ही खुर्ची उचलून पाण्याच्या कडेला अशी मांडलीत की स्कोप उजव्या डोळ्यासमोर यावा. ट्रायपॉडचे पाय एकेक करून आखडलेत, खुर्चीच्या उंचीला आणलेत, आणि मग चिखलात गुडघे टेकून, खुर्चीत बसलेल्या माणसाला नेमकं काय दिसतं ते स्वतः पाहिलंत. झूम वीसवरच ठेवलात. साठवर नेला की पक्षी मोठा दिसतो खरा, पण चित्र थरथरतं आणि डोळा जरा सरकला की सगळं काळं. हे मला अण्णांनीच कधीकाळी शिकवलं होतं.

तरी अडलंच. अण्णा म्हणाले, "मला एक डोळा मिटता येत नाही." इतकं हळू, की मला वाटलं तुम्हाला ऐकू गेलं नसेल.

तुम्ही काही बोलला नाहीत. डोक्यावरची टोपी काढलीत आणि त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे आडवी धरलीत. गालाला टेकू दिली नाहीत, बोटभर अंतर ठेवून. आणि तोंड पाण्याकडे वळवून उभे राहिलात, जणू कुणाच्या तरी डोळ्यापुढे टोपी धरणं हे तुमचं रोजचंच काम आहे. सात-आठ मिनिटं. मध्ये एकदा हात बदललात, तोही टोपी न हलवता.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डोक्यावर दोन काळे पट्टे. पट्टकादंब हंस."

"किती आहेत, बाबा?"

तुम्हाला आकडा ठाऊक असणार, पहाटेच मोजले असतील. तरी विचारलंत. "अकरा... थांबा. बारा. एक मान खुपसून झोपलाय." "बारा लिहितो मग," म्हणालात आणि खरंच वहीत लिहिलंत.

दादा, दीड वर्षात अण्णांना आम्ही पुष्कळ प्रश्न विचारले. गोळी घेतली का, बाथरूमला जायचंय का, पंखा कमी करू का. जे त्यांना कळतं, त्यातलं कुणी काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्यानंतर त्यांचा सूरच लागला. "हे हिमालय ओलांडून आलेत आणि मी दोन जिने उतरून. दमछाक सारखीच!" दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला तेव्हा पाण्यावर पांगलेले वारकरी क्षणात एकमेकांना खेटून काळाभोर गठ्ठा झाले. ते सगळ्यांच्या आधी अण्णांनी पाहिलं, स्कोपशिवाय. आणि ते कॅमेरेवाले चौघे आठवतात? "स्कोप जरा वर घ्या की," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "आज एवढ्यावरच आहे." चौघंही वाकून बघून गेले. एकाने तर गुडघे टेकले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

येताना गाडीत अण्णा बोलतच होते. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचा हा बंधारा, त्यात गाळ भरत गेला, पाण्याचा साठा घटला, आणि त्याच गाळाच्या उथळ बेटांवर पाखरं उतरायला लागली. 2020 साली ही राज्यातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. "गाळ साचला म्हणून झालं हे," असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा नव्याने ऐकलं.

हल्ली मला माणसं दोनच प्रकारची दिसतात, विचारून मदत करणारी आणि ओरडून करणारी. हा न्याय नव्हे, कळतं मला. त्या म्होरक्यालाही तीस-चाळीस जण सांभाळायचे होते. तरीही.

तुमची टोपी. निघताना ऊन चढलं होतं म्हणून तुम्ही ती अण्णांच्या डोक्यावर ठेवलीत आणि आपण सगळेच विसरलो. धुऊन ठेवली आहे. पोस्टाने पाठवते म्हटलं तर अण्णा ऐकत नाहीत. जानेवारीत स्वतः आणून देणार म्हणतात. तोवर ती टेबलावर आहे, दुर्बिणीशेजारी.

तुमची,
अण्णांची मुलगी