आधी 'गॉडझिला मायनस वन' बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

शॉर्ट फिल्ममध्ये समुद्र आणि राक्षस दोन्ही घ्यायचं चाललंय ना, मग स्क्रिप्ट पक्की करण्याआधी २०२३ चा जपानी सिनेमा 'गॉडझिला मायनस वन' बघ. १९५४ पासून चालत आलेल्या गॉडझिला राक्षसाच्या चित्रपट-मालिकेत आता नवं काय असणार, असं कुणालाही वाटेल. पण इथे राक्षसापेक्षा माणसांचीच धाकधूक लागून राहते. युद्ध हरलेला, बेचिराख झालेला जपान. नायक मरायला पाठवलेला आणि जिवंत परतलेला वैमानिक. पोटासाठी तो समुद्रातले सुरुंग काढायच्या बोटीवर लागतो. बोट लाकडी, कारण लोखंडी बोट जवळ आली की चुंबकी सुरुंग फुटतो. दोन बोटी मध्ये तार ओढत नेतात, सुरुंगाला तळाशी बांधणारा दोर कापला जातो, सुरुंग वर आला की लांबून गोळ्या घालायच्या. हे सगळं नीट दाखवलंय, म्हणून पुढे त्याच बोटीमागे गॉडझिला लागतो तेव्हा पोटात गोळा येतो.

टोकियोतल्या गिंझा भागाचा प्रसंग दोनदा बघ. गॉडझिलाच्या पाठीवरचा शेपटीकडून एकेक काटा खटाखट बाहेर येतो, निळा होतो, मग सगळे एकदम आत जातात आणि किरण सुटतो. स्फोटाची लाट आधी सगळं बाहेर फेकते, नंतर हवा उलटी आत खेचली जाते, आणि शेवटी काळा पाऊस. हिरोशिमाचं नाव घ्यायची गरजच पडत नाही.

व्हीएफएक्सचे, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेल्या दृश्यांचे, ६१० शॉट सुमारे ३५ जणांनी केले आणि २०२४ चं ऑस्कर नेलं. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्स सुपरवायझर, त्यामुळे शॉट मंजुरीसाठी वर-खाली फिरत राहिला नाही. तुमच्यातही 'हो' म्हणणारा एकच ठेवा.

पाणी मात्र तुम्हाला छळणार. त्यांनी ते कॉम्प्युटरवर केलं. तुम्ही टाकीत मॉडेल ठेवून शूट करणार असाल तर कॅमेऱ्याचा वेग वाढवा. १:२५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढ्या मॉडेलला पाचपट, म्हणजे २४ ऐवजी सेकंदाला १२० फ्रेम. पट म्हणजे प्रमाणाचं वर्गमूळ. नाहीतर लाटा टबात उसळल्यासारख्या दिसतात. तरी थेंब दगा देतातच, मॉडेल लहान केलं तरी थेंब लहान होत नाही. म्हणून मॉडेल जमेल तेवढं मोठं घ्या आणि शिंतोडे उडतील असे शॉट जवळून घेऊच नका.

शेवटची योजना सांगून मजा घालवत नाही. गॅसच्या बुडबुड्यांनी पाणी हलकं करून गॉडझिलाला १५०० मीटर खाली बुडवायचं, एवढंच सांगते. तिथला दाब पाण्यावरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट होतो, हे लक्षात ठेवून बघ.

जपानीतच बघ, सबटायटल लावून. फोनच्या स्पीकरवर नको, गॉडझिलाच्या पावलांचा दणका ऐकूच येणार नाही. नंतर शॉटची यादी पाठव, पाण्याचे शॉट वेगळ्या रंगात.

तुझी,
आई