एअर इंडियाच्या इमारतीत फायली चढवण्याआधी

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न.

नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत 1601 कोटींना घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2023 मध्ये घेतला. मंत्रालय जवळ, जागा मोक्याची. खरेदीबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न दप्तराचा आहे.

अमेरिकन वास्तुरचनाकार जॉन बर्गी यांच्या आराखड्यावर 1974 मध्ये उभी राहिलेली ही 23 मजली इमारत विमान कंपनीचं मुख्यालय होती. सरकारी कचेरीत टेबलांपेक्षा कपाटं जास्त. आजच्या आयएस 875 (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे ऑफिसच्या खोलीला, फायलींची जागा वेगळी असेल तर, चौरस मीटरला सुमारे 250 किलो भार धरतात. नसेल तर 400, आणि रेकॉर्ड रूमला 500. आता दोन मीटर उंचीचा कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकणारी फायलींची कपाटं, घ्या. त्यात दोन-तृतीयांश कागद भरला तरी भार चौरस मीटरला नऊशे किलोच्या घरात जातो, तोही रुळांच्या पट्टीवर एकवटून. स्लॅब लगेच पडत नाही. वर्षानुवर्षे झोल वाढतो, दारं घासू लागतात, पार्टिशनला तिरक्या चिरा जातात, आणि मग कुणीतरी रंगाऱ्याला बोलावतं.

पुण्याच्या सेंट्रल बिल्डिंगसारख्या जुन्या दगडी इमारतीत तळमजल्यावर गठ्ठे रचले तर भार जमिनीत जातो. इथे अठराव्या मजल्यावरचा गठ्ठा स्लॅब, बीम, कॉलम करत खाली उतरणार. म्हणून मूळ आरसीसी ड्रॉइंग हाती आल्याशिवाय कुठलाही कॉम्पॅक्टर वर चढू नये.

त्या ड्रॉइंगसोबत 1993 नंतरच्या दुरुस्तीचे कागदही मागवा. 12 मार्चच्या साखळी स्फोटांत इथेही गाडीतला बॉम्ब फुटला होता. स्लॅबच्या मधल्या भागात मुख्य सळया खालच्या बाजूला असतात, कारण भार वरून येतो. स्फोटाचा दाब खालून आला की हिशेब उलटतो: ताण वरच्या अंगाला, जिथे सळई जवळपास नसतेच. अशा चिरा फ्लोअरिंगखाली लपतात. स्फोटाच्या जवळच्या मजल्यांवर फरशी काढून पाहावं, नुसतं छत ठोकून कळणार नाही.

आणि समोर समुद्र. पुण्यात याच वयाच्या इमारतीत आम्ही आधी कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कली गुण किती गेला, ते पाहतो: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थेलीन शिंपडायचं, गुलाबी झालं नाही तर सळईचं संरक्षण गेलं. नरिमन पॉइंटला एवढ्यावर थांबता येत नाही. मिठाने पोखरलेल्या कॉलमवरही गुलाबी रंग छान येतो. त्यासाठी ड्रिलने 10-10 मिलिमीटरच्या थरांची पूड काढून सळईच्या खोलीपर्यंत क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, मोजावं लागतं. सोबत हाफ-सेल, म्हणजे सळईचा विद्युत दाब मोजणारी चाचणी: कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर वाचन उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेलं, तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त. आयएस 456 हे काँक्रीट बांधकामाचं मानक आज किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला किमान 45 मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि एम 30 ताकदीचं काँक्रीट मागतं. 1974 मधलं कव्हर किती, ते कव्हर मीटरने समुद्राकडच्या दर्शनी भागावर मोजावं. पृष्ठभागावर हातोडा आपटून ताकद अजमावणाऱ्या हॅमर टेस्टच्या आकड्यांवर एकट्यावर विसंबू नका, जुन्या काँक्रीटचा कडक झालेला पृष्ठभाग फसवतो.

गंज सापडला तर वरवर पॅच मारून घेण्याचा मोह टाळावा. नवं मॉर्टर बसलेली जागा शांत होते आणि तिच्या कडेला, मीठ मुरलेल्या जुन्या काँक्रीटमध्ये, सळई नव्याने गंजू लागते. दोन-तीन पावसाळ्यांत पॅचभोवती रिंगण फुटतं. सळईच्या मागे किमान 20-25 मिलिमीटर काँक्रीट तोडावं, व्यास घटला असेल तिथे जोडसळई द्यावी, मीठ कुठवर मुरलंय ते पाहून तोडीची हद्द ठरवावी. कंत्राटात तोडीचा दर घनफळावर धरा. चौरस मीटरवर धरला तर कुणीही खोल तोडणार नाही.

कागद आगीलाही खाद्यच. 21 जून 2012 ची मंत्रालयाची आग आपल्या खात्याला वेगळी सांगायला नको.

तेव्हा निविदेचा क्रम एवढाच बदला: आधी ड्रॉइंग आणि चाचण्या, मग दुरुस्ती, मग फॉल्स सीलिंग आणि एसीचे डक्ट. सीलिंग एकदा बसलं की बीमचा तळ पुढच्या गळतीपर्यंत कुणी पाहत नाही. कोणत्या मजल्यावर चौरस मीटरला किती किलो, याची पाटी जिन्यापाशी मराठीत लावा, म्हणजे कपाट हलवणाऱ्या शिपायालाही ती वाचता येईल.

आपले,
पुण्यातील काही स्ट्रक्चरल इंजिनिअर