एक जूनवाल्यांना हसू नका

मा. संपादक,

१ जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो, हे तुमचं विनोदी स्फुट आमच्या पारावर मोठ्याने वाचलं गेलं. मीही हसलो, पण जरा टोचलं. त्या तारखा लिहिणाऱ्यांतला मी एक. पोराला शाळेत घालायला आलेली आई "आखाजीले जलमना, गुरुजी" (अक्षय तृतीयेला जन्मला) एवढंच सांगायची. साल विचारलं की दुष्काळाची खूण. मग जूनमध्ये सहा वर्षं भरतील असा हिशेब करून आम्ही तारीख मांडायचो. माझी स्वतःचीही तीच, माझ्या गुरुजींनी दिलेली.

माझी भाची रशियात अस्त्राखानला डॉक्टरकी शिकते. तिची वर्गमैत्रीण शेजारच्या काल्मिकियातली, एलिस्ताची. हे काल्मिक म्हणजे सतराव्या शतकात व्होल्गाकाठी आलेले मंगोल वंशाचे बौद्ध. त्यांच्यात बहुधा डिसेंबरात 'झूल' नावाचा सण येतो आणि त्या दिवशी सगळ्यांचंच वय एका वर्षाने वाढतं. आदल्या दिवशी जन्मलेलं तान्हंही सुटत नाही! कणकेचा दिवा करायचा, त्यात लोणी आणि गवताच्या काड्यांना कापूस गुंडाळून केलेल्या वाती, ज्याच्या-त्याच्या वयाइतक्या. १४१९ साली वारलेले तिबेटी गुरू त्सोंगखापा यांची ही पुण्यतिथी, म्हणून मठांतही दिवे लागतात.

पुढे हिवाळा सरताना 'त्सागान सार' हा सण, शब्दशः पांढरा महिना. तेव्हा भेटेल तो विचारतो, हिवाळ्यातून सुखरूप निघालात ना? पूर्वी हा प्रश्न माणसांइतकाच गुराढोरांसाठी असे. डिसेंबर १९४३ मध्ये स्टालिनच्या राजवटीने हा अख्खा समाज आगगाडीत कोंबून सैबेरियात धाडला, परतायला १९५७ उजाडलं. त्यांच्या तोंडी तो प्रश्न मला नुसता शिष्टाचार वाटत नाही.

वातींसारखं माणशी मोजणं आपल्याकडेही आहे: खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात. (बायकांची मूठ का नाही, हे भाचीने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.)

तेव्हा एक जूनवाल्यांची चेष्टा पुढच्या वर्षी तरी आवरा. येत्या डिसेंबरात मीही दिवा लावणार आहे. कपाशी घरचीच आहे. एकाहत्तर वाती मावायच्या तर किलोभर कणीक लागेल, आणि ती वाया घालवू देणार नाही, असं सौ.ने आत्ताच बजावलंय.

– एक निवृत्त शिक्षक, पारोळा (जि. जळगाव)